पायरीवरचा सभासद

पत्राचा सारांश : "एका सार्वजनिक ग्रंथालयात मी नऊ वर्षं ग्रंथपाल आहे. बालविभाग बरा चालतो, ज्येष्ठ सभासद नेमाने येतात, मधलं वय मात्र गळालं आहे. बारा-तेरापासून विशीपर्यंतची जी मुलं येतात ती फुकटच्या वाय-फायसाठी. कोपऱ्यातलं टेबल धरून मोबाइलवर गेम खेळत बसतात, मध्येच कुणीतरी 'मेलो!' म्हणून ओरडतं आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावरून माना वळतात. तक्रारी माझ्याकडे येतात. मी कार्यकारी मंडळापुढे प्रस्ताव ठेवला, की एक कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेऊन गेमसाठी कोपरा करू. त्या निमित्ताने मुलं आत येतील आणि हळूहळू पुस्तकांकडे वळतील. एक सदस्य म्हणाले, 'मग पत्त्यांचा अड्डाही काढा.' दुसऱ्यांनी विचारलं, मुलांच्या व्यसनाला आपण हातभार लावायचा का? पैसे आधीच कमी, त्यात पुस्तकखरेदी कापायची का, हाही मुद्दा निघाला. मला स्वतःला गेममधलं ओ की ठो कळत नाही. आणखी एक गोष्ट, तिचा प्रश्नाशी फारसा संबंध नाही. एक मुलगा रोज बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून खेळायचा. आत का येत नाहीस विचारलं तर म्हणाला, 'आत खेळलं की तुम्ही रागावता.' मी म्हणाले, 'बरोबरच आहे, हे वाचायचं ठिकाण आहे.' त्याला दोन आठवडे झाले. तो परत आलेला नाही." (एक ग्रंथपाल)

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात कन्सोलच दिसला. घ्यावा का, कुठे ठेवावा, मंडळाला कसं पटवावं. दुसऱ्यांदा वाचताना 'फारसा संबंध नाही' या शब्दांपाशी अडखळले. या सदरात येणाऱ्या पत्रांत ज्या गोष्टीबद्दल असं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा तिच्यासाठीच पत्र लिहिलेलं असतं. त्या मुलाकडे मी येईनच. आधी तुमच्या प्रस्तावातलं एक वाक्य बाजूला काढून बघू या.

'त्या निमित्ताने मुलं आत येतील आणि हळूहळू पुस्तकांकडे वळतील.' मंडळाच्या गळी उतरावं म्हणून तुम्ही हे लिहिलंत, की मनापासून तसं वाटतं? मनापासून असेल तर जरा थांबा. यात गेम म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ आणि मूल म्हणजे मासा. मुलांना हा वास लांबून येतो. खेळून उठलेल्या पोराच्या हातात कुणी 'आता हे वाचून बघ हं' म्हणत पुस्तक ठेवलं, की पुढच्या वेळी ते पोर खेळायलाही फिरकत नाही. त्याला कळलेलं असतं की त्याच्या आवडीला इथे किंमत नाही, ती फक्त वापरून घेतली जाते आहे.

शिवाय, मासे गळाला लागले नाहीत तर? सहा महिन्यांनी मंडळ विचारणार, खेळायला आलेल्यांपैकी किती जणांनी पुस्तकं नेली? ही फूटपट्टी तुम्हीच त्यांच्या हातात दिलेली असेल. वर्तमानपत्रं चाळायला येणाऱ्या काकांना आपण कधी विचारतो का, की तुम्ही कवितेकडे कधी वळणार? परीक्षेच्या अभ्यासासाठी जागा धरून बसणाऱ्या मुलीला म्हणतो का, की निदान महिन्याला एक कादंबरी तरी नेत जा? त्यांची गरज ही त्यांची गरज, असं आपण मानतो. गेम खेळणाऱ्याच्या बाबतीतच काहीतरी वेगळं, काहीतरी उदात्त सिद्ध करून दाखवायची अट का यावी? आणि त्या काकांचंच घ्या. वर्तमानपत्र उघडून ते शब्दकोडं सोडवायला लागतात, तेव्हा ते वाचत असतात की खेळत असतात? पेन्सिल बहुधा तुमच्याच टेबलावरची असते.

दुसरं गृहीतक पत्रात उघडपणे लिहिलेलं नाही, पण सगळीकडे आहे. एका बाजूला वाचणारे, दुसऱ्या बाजूला खेळणारे, आणि मधे पूल बांधणाऱ्या तुम्ही. इथे माझी स्वतःची अक्कल किती ते सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी भाच्याने माझ्या हातात कंट्रोलर दिला. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने मान वळवायची. मी पहिली दहा मिनिटं छताकडे बघत भिंतीवर आपटत होते आणि पुढची दहा मिनिटं एकाच खड्ड्यात पडत होते. शेवटी त्याने कंट्रोलर परत घेतला आणि मी शेजारी बसून बघत राहिले. एका बंद घरात त्याने टेबलाचा खण उघडला, त्यात अर्धवट फाटलेलं पत्र निघालं. त्याने खेळ थांबवला, पत्र दोनदा वाचलं, त्यातली एक तारीख तळहातावर लिहून घेतली. पुढे कुलूप लागलं तेव्हा ती तारीख उलटी फिरवून बघितली. तरी अडलं, तेव्हा मोबाइलवर दोन ठिकाणी शोधलं. दोन माणसं दोन वेगळी उत्तरं सांगत होती. 'हे जुनं आहे मावशी, हे अपडेटच्या आधीचं लिहिलंय,' म्हणून त्याने एक उत्तर बाजूला टाकलं. लिहिणारा कोण, कधीचं लिहिलंय, आता लागू पडतं का, हे तिन्ही प्रश्न त्याने कुणी न सांगता विचारले. संदर्भसेवेत आपण लोकांना हेच शिकवू बघतो आणि ते जांभया देतात.

म्हणून गेम खेळणं म्हणजे पुस्तक वाचणंच, असलं काही मी म्हणणार नाही. सुमार गेम ढिगाने आहेत, जशा सुमार कादंबऱ्या. मुद्दा एवढाच, की तुमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेली मुलं वाचनाच्या पलीकडच्या काठावर उभी आहेत, हे धरून चालू नका. आधी त्यांना विचारा.

आता मंडळ. 'पत्त्यांचा अड्डा' म्हणणाऱ्या सदस्यांना वाटत असेल की ही अधोगती आजची आहे, तर त्यांना थोडा इतिहास ऐकवायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या ग्रंथपालांची भांडणं कशावरून होत असत? कादंबऱ्यांवरून. लोकांच्या पैशातून लोकांना कथा-कादंबऱ्या वाचायला द्याव्यात का, त्याने तरुण बिघडणार नाहीत का, हा वाद वर्षानुवर्षं चालला. मजेची गोष्ट अशी की कादंबऱ्या ठेवणाऱ्यांचा बचावही तुमच्यासारखाच असे : आधी कादंबरीने येतील, मग गंभीर वाचनाकडे वळतील. ती माणसं वळली की नाही कोण जाणे, पण आज कादंबऱ्यांशिवाय ग्रंथालय कुणाला सुचतही नाही. १८९०च्या दशकात ब्रिटनमधल्या कित्येक ग्रंथालयांत सकाळी आलेल्या वर्तमानपत्रांतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या शाईने काळ्या करत किंवा त्यांवर कागद चिकटवत, कारण ती बातमी बघायला जुगारी मंडळी गर्दी करत. रोज सकाळी बसून शर्यतीचे रकाने काळे करणारा तो कर्मचारी मला डोळ्यांसमोर दिसतो. त्याचंही मनापासून हेच म्हणणं असणार : हे वाचायचं ठिकाण आहे.

आणि उलट बाजूचं उदाहरणही त्याच काळातलं आहे. पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून उभं राहिलेलं अमेरिकेतलं पहिलं ग्रंथालय १८८९ साली ब्रॅडॉक नावाच्या पोलाद-गावात उघडलं. तिथे पुस्तकांच्या जोडीला बिलियर्डची टेबलं होती आणि तळघरात न्हाणीघर होतं, कारखान्यातून काजळी माखून आलेल्या कामगाराला आधी अंघोळ करता यावी म्हणून. काही वर्षांत पोहण्याचा तलावही आला. माणूस ज्या अवस्थेत येईल त्या अवस्थेत त्याला आत घ्यायचं, एवढा साधा विचार. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात बुद्धिबळावरचा प्रचंड संग्रह पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे आणि त्यावर कुणी नाक मुरडत नाही, कारण बुद्धिबळ म्हातारं झालं आहे. खेळ म्हातारा झाला की प्रतिष्ठित होतो. व्हिडिओ गेमचं वय अजून तेवढं नाही, इतकंच.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले ग्रंथालयाचे पाच नियम तुम्हाला पाठ असतील. 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे' हा पाचवा नियम आपण समारंभात म्हणतो आणि कपाटं वाढवायला पैसे मागताना वापरतो. पण वाढणारा जीव नुसता जाड होत नाही, त्याला नवे अवयवही फुटतात. हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय डिसेंबर २०१८मध्ये उघडलं. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पुस्तकं आहेत, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, त्रिमिती मुद्रणयंत्रं, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आणि गेमच्या खोल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००८ साली ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय गेमिंग दिवस सुरू केला, पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला आणि दिवसाचा आठवडा झाला. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. ही उदाहरणं मंडळाला जरूर द्या, मात्र 'ते करतात म्हणून आपणही' या सुरात नको. तुमच्याकडे ना ओडीची इमारत ना त्यांचा पैसा, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही.

पत्त्यांचा अड्डा म्हणणारे सदस्य एका बाबतीत मात्र चुकत नाहीत, आणि ते त्यांना मोकळेपणाने सांगून टाका. काही गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, अशी सोय असते. हा जुगाराचाच चुलतभाऊ. बेल्जियमच्या जुगार-नियामकांनी २०१८ साली अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. तुमच्या कोपऱ्यात असले गेम ठेवायचेच नाहीत, हा नियम तुम्ही स्वतःहून मांडलात तर त्या सदस्यांची निम्मी हवा जाईल. तीच गोष्ट वयाची. युरोपात 'पेगी' आणि अमेरिकेत 'ईएसआरबी' या पद्धतींनी खोक्यावरच वयाचा शिक्का असतो; 'पेगी'त तर नुसता आकडा : ३, ७, १२, १६, १८. हा आकडा पुस्तकावर नसतो. म्हणजे कुणाच्या हातात काय पडेल या बाबतीत तुमची गेमची निवड कादंबऱ्यांच्या निवडीपेक्षा सोपीच आहे.

व्यसनाचा प्रश्न विचारणाऱ्यांना टोलवू नका, तो प्रश्न खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२२पासून, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. पण त्याची लक्षणं काय आहेत तेही वाचून दाखवा. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं. 'रोज तासभर खेळतो' हे या यादीत नाही. आता तुम्हीच बघा : बंद दाराआड, एकटं, वेळेचं भान न ठेवता खेळणं एकीकडे आणि चार माणसांत, ठरलेल्या वेळात, 'आता तुझी पाळी संपली' असं सांगणारं कुणीतरी असताना खेळणं दुसरीकडे. ज्या पालकांना मुलाची काळजी वाटते त्यांना मूल यातल्या कुठल्या बाजूला असलेलं आवडेल? ग्रंथालय कुणावर उपचार करू शकत नाही. पण ज्या खेळाला सुरुवात आणि शेवट आहे, तो खेळ कसा असतो हे दाखवू शकतं.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुस्तकखरेदी कापून कन्सोल घेऊ नका. तसं केलंत तर त्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून चोरीचा शिक्का बसेल आणि एखादं पुस्तक मिळालं नाही की बोट तिकडे जाईल. आणि खरं सांगायचं तर पहिली चार पावलं बिनखर्चाची आहेत.

पहिलं पाऊल पाटीचं. तुमच्याकडे 'मोबाइलवर खेळू नये' अशा अर्थाची एखादी पाटी आहे का, ते बघा. पाटी नसेल तर डोळे वटारणं आहे, ते पाटीपेक्षा स्पष्ट वाचता येतं. तक्रार कशाची आहे ते नीट पाहिलं तर ती आवाजाची आहे. हेडफोन लावून निमूट खेळणाऱ्यामुळे कुणाचंही वाचन मोडत नाही. आणि वाचनकक्षात फोनवर मोठ्याने बोलणारे सभासद, तुम्हीही जाणता, सगळे काही विशीच्या आतले नसतात. तेव्हा नियम आवाजाचा करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. 'इथे खेळायला हरकत नाही. हेडफोन लावा.' एवढी एक पाटी. जमलं तर काउंटरवर दोन-चार साधे हेडफोन उसने द्यायला ठेवा, पेन्सिल देतो तसे.

दुसरं, जागा. तो कोपरा वर्तमानपत्रांच्या टेबलाला लागून आहे, म्हणून माना वळतात. मुलांना तिथून हलवा, पण तळघरात किंवा मागच्या गोदामात ढकलू नका. लपवलेल्या जागेत लपून करायच्या गोष्टी होतात. काउंटरवरून दिसेल, प्लगची सोय असेल, बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्या मधली एखादी जागा बघा. मधल्या वयाला मधली जागा, हिशेब सरळ आहे.

तिसरं, कपाट. गेमशी संबंधित पुस्तकं तुमच्या संग्रहात आत्ताही विखुरलेली असणार : चित्रकला, ॲनिमेशन, पुराणकथा, किल्ल्यांची बांधणी, संगीत, संगणकाची भाषा, चित्रकथा. त्या कोपऱ्याजवळ एक फळी मांडा. वर 'गेमर्ससाठी' असलं काही लिहू नका, ते पुन्हा गांडूळच. नुसती मांडा. कुणी हात लावला तर लावला. पटावरचे खेळ कुणाच्या घरी धूळ खात पडले असतील तर तेही इथे येऊ द्या. वाय-फाय गेलं त्या दिवशी त्यांची खरी किंमत कळते.

चौथं पाऊल तुमच्या अज्ञानाचं. 'मला ओ की ठो कळत नाही' असं तुम्ही कमीपणाने लिहिलंय. अहो, तेच तर तुमचं भांडवल! मुलांना मोठ्या माणसांनी शिकवलेलं फार झालेलं असतं, मोठ्या माणसाला काही शिकवायची संधी त्यांना क्वचित मिळते. पाच-सहा जणांना बोलवा, त्यात मुली असतीलच हे बघा, आणि विचारा : आपल्याकडे थोडेच गेम ठेवायचे झाले तर कुठले ठेवावेत आणि का? 'का'चं उत्तर लिहून मागा. त्या यादीवर तुम्ही वयाचा आकडा आणि बंद पेटीचा नियम लावा, बाकी त्यांच्यावर सोडा. ही यादी तुमच्याच हस्ताक्षरात मंडळासमोर नेऊ नका. त्यांच्यातल्या दोघांना नेऊन बसवा.

यानंतर कन्सोल. आणि तोही आधी विकत घेऊ नका. एका दिवसापुरता कुणाकडून तरी आणा आणि एक गेम-दिवस करून बघा. दिवस ठरला की काही गोष्टी आदल्या दिवशीच करून ठेवा, नाहीतर तुमची फजिती होईल. महिनाभर बंद असलेला कन्सोल चालू केला की तो पहिल्यांदा अपडेट मागतो. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत असते आणि समोर वीस मुलं हाताची घडी घालून उभी असतात. आदल्या संध्याकाळी लावून ठेवा. कंट्रोलर चार्ज करा. गेम कुणाच्या खात्यावर आहे ते विचारा, आणि त्या खात्याला पैशाचं कार्ड जोडलेलं असेल तर खरेदीला कुलूप घाला. डाउनलोड केलेला गेम हा बहुधा एका खात्याला दिलेला वैयक्तिक वापराचा परवाना असतो, तो सार्वजनिक जागी चालवायची मुभा त्यात असेलच असं नाही. डिस्कवरचा गेम घरी उसना द्यायचा झाला तरी देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. तेव्हा ठेवायचा प्रत्येक गेम निवडताना परवान्याची अट वाचायची सवय लावून घ्या, किंवा सरळ प्रकाशकाला पत्र लिहून विचारा.

एक नियम मात्र माझ्याकडून घ्या, मी तो एका मुलीकडून शिकले. खेळाच्या अड्ड्यावर रीत असते, हरला तो उठला. दिसायला न्याय्य वाटतं, पण याचा अर्थ ज्याला येतं तो दिवसभर बसून राहतो आणि ज्याला शिकायचंय त्याला दोन मिनिटं मिळतात. ती मुलगी म्हणाली, 'आमच्याकडे जिंकला तो उठतो.' हे एवढं बदललं की सगळं बदलतं. नवखा दुसरा डाव खेळतो, जिंकणारा शेजारी उभा राहून त्याला युक्त्या सांगायला लागतो, कारण त्यालाही परत बसायचं असतं. पहिल्या महिन्यात कंट्रोलर चार दांडग्या मुलांच्या हातात राहील आणि मुली कडेने बघत उभ्या राहतील, हे गृहीत धरूनच चाला. त्यावर उपाय म्हणजे पाळीची चिठ्ठी, आणि एकमेकांशी लढण्याऐवजी दोघांनी मिळून सोडवायचे गेम. 'मुलींचा वेगळा तास' हा उपाय मला अर्धवट वाटतो, पण सुरुवातीला लागलाच तर करा.

ज्यांची बोटं नेहमीच्या कंट्रोलरवर चालत नाहीत, त्यांचाही विचार याच टप्प्यावर करा. २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने एक कंट्रोलर काढला, त्यावर दोन मोठ्ठी बटणं आहेत आणि मागे ओळीने जोडण्या, ज्यांत पायाने, कोपराने दाबायचे वेगळे स्विच लावता येतात. असं एखादं साधन घरोघरी असणं कठीण. जे एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घेऊन ठेवायचं, यासाठीच तर ग्रंथालयं निघाली. मंडळापुढे खरेदीचा विषय काढायचाच झाला, तर मी इथून काढीन.

मंडळाला गोष्ट सांगून पटवायचं असेल तर आणखी एक हाताशी ठेवा. मार्च २०२०मध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेने माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमच्या आत एक भलंथोरलं ग्रंथालय बांधलं. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम या देशांत जे लेखन दडपलं गेलं, ते तिथे पुस्तकांच्या रूपात ठेवलं. कित्येक ठिकाणी संकेतस्थळांवर बंदी होती, पण गेम खेळायला बंदी नव्हती. खेळता खेळता मुलं त्या दालनात शिरतात, ठोकळ्यांच्या फडताळातून पुस्तक उघडतात आणि वाचतात. गेमने आपल्या घरात ग्रंथालयाला जागा दिली. आपण टेबलाचा कोपरा द्यायला मंडळाची बैठक घेतोय.

तरीही मंडळ नाही म्हणेल, ही शक्यता आहेच. म्हणू दे. कन्सोलला मंजुरी लागते, पाटी बदलायला आणि टेबल हलवायला लागत नाही. मंजुरी मिळालीच तर तीन महिन्यांची मागा आणि मोजायचं काय ते आधीच लिहून द्या : किती जण आले, त्यातले किती परत आले, किती जण पहिल्यांदाच ग्रंथालयात आले, आवाजाच्या तक्रारी किती. 'पुस्तकं किती नेली' हा रकाना तुमच्या तक्त्यात नसू दे. कुणी नेलीच तर देवघेवीच्या नोंदीत ती दिसतीलच.

आता तो मुलगा.

तुम्ही काही भयंकर केलेलं नाही. दिवसभर तक्रारी ऐकून संध्याकाळी जे तोंडात आलं ते बोललात. पण बघा, आवाज होऊ नये म्हणून तो स्वतःच बाहेर जाऊन बसला होता. तुमचा नियम पाळणारा, वेळेवर येणारा, बंद होईपर्यंत थांबणारा माणूस होता तो, आणि तुमचं वाय-फाय पायरीपर्यंत पोचतं हे त्याने शोधून काढलं होतं. सभासदत्वाचा अर्ज तेवढा भरलेला नव्हता. आणि तो पायरीवर का बसतो, घरी का जात नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. ते त्याला विचारूही नका. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

त्याला शोधत कुणाच्या घरी जाऊ नका, बिचारा घाबरेल. कोपऱ्यातल्या मुलांपैकी कुणी त्याला ओळखत असेल तर निरोप द्या, की आता आत खेळलं तरी चालतं. तो आला आणि पुन्हा पायरीवरच बसला, तर दोन मिनिटं तुम्हीच बाहेर जा. 'त्या दिवशी मी चुकले' हे एकदाच म्हणा, लांबण लावू नका. मग विचारा, 'काय खेळतोयस?' तो बहुधा एका शब्दात उत्तर देईल आणि मान वर करणार नाही. तरी थोडं थांबून बघा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आणि आत येताना काउंटरच्या मागे एक चार्जर लावून ठेवा; बंद व्हायच्या वेळेपर्यंत खेळणाऱ्याची बॅटरी तोवर उतरलेली असणार.